एक्सप्लेनर : नाशिकचे ४० अंश सोसणाऱ्यांना बँकॉकचे ३५ अंश का जड जातात? सहलीच्या बॅगेत कोणते कपडे हवेत?

तापमान कमी, तरी घाम जास्त. देवळाच्या दारात गुडघे झाकलेले हवेत आणि मॉलमध्ये शिरताच थंडी वाजते. बँकॉकला निघण्यापूर्वी कपड्यांचे गणित समजून घ्या.

सातपूर : थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश खुला केला आणि बँकॉक-पटायाची सहल नाशिककरांच्या आणखी आवाक्यात आली. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत तर ही सहल नवी नाही. विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या वितरकांना कंपन्या बक्षीस म्हणून तिकडेच नेतात. सुट्ट्यांत कुटुंबे जातात, धम्मसहलींना उपासक-उपासिका जातात. तारीख ठरली की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘कपडे कोणते घ्यायचे?’ आणि ठरलेले उत्तर येते, ‘उन्हाळ्याचे घ्या, तिकडे गरम असते.’

हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. नाशिकचा उन्हाळा कोरडा आहे, बँकॉकचा दमट. दोन्हीकडे गरम होते, पण शरीर थंड राहण्याची रीत दोन्हीकडे सारखी चालत नाही. त्यामुळे नाशिकच्या उन्हात उपयोगी पडणारे काही कपडे बँकॉकमध्ये उलटतात.

कोरडा आणि दमट उकाडा, फरक नेमका काय?

सोपी खूण आहे माठाची आणि कूलरची. एप्रिल-मे महिन्यांत सातपूरमध्ये माठातले पाणी गार होते, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली थंड करतो. तोच कूलर मुंबईच्या घरात लावला तर खोली फक्त ओलसर होते. पाण्याची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर वाफ झटपट होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर होत नाही.

आपले शरीरही माठासारखेच आहे. घाम येतो म्हणून आपण थंड होत नाही, घाम सुकतो म्हणून थंड होतो. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला थेंब थंडाव्याच्या हिशेबात वायाच गेला.

आता आकडे पाहू. उन्हाळ्यात दुपारी नाशिकचे तापमान ४० अंश आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरा. बँकॉकमध्ये ३५ अंश आणि ६० टक्के धरा. ओल्या त्वचेवरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांतील फरकावर घाम किती वेगाने सुकेल हे ठरते. त्वचा ३५ अंशांवर असेल तर हा फरक नाशिकमध्ये सुमारे ४५ हेक्टोपास्कल भरतो आणि बँकॉकमध्ये सुमारे २२. म्हणजे वारा सारखाच असला, तरी तापमान पाच अंशांनी कमी असूनही घाम सुकवण्याची हवेची ताकद निम्म्यावर येते.

थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून मोजतात ते ‘वेट बल्ब’ तापमान वरच्या उदाहरणात नाशिकला साधारण २१ अंश येते आणि बँकॉकला २८ अंशांच्या वर. घामाने भिजलेले शरीर हे दुसरे तापमान जास्त अनुभवते.

मग याचा कपड्यांशी काय संबंध?

रमतगमत चालणाऱ्या माणसाचे शरीर साधारण २५० ते ३०० वॉट उष्णता तयार करते. छताचे तीन-चार पंखे जितकी वीज खातात, तितकी ही उष्णता आहे. तासाभरात ती बाहेर टाकायची तर जवळपास अर्धा लिटर घाम सुकावा लागतो. वर ऊन असेल तर त्याहून जास्त. हा घाम सुकेल की अंगावर साचेल, हे बरेचसे कपडा ठरवतो.

नाशिकमध्ये दुपारची हवा ४० अंशांच्या पुढे जाते, म्हणजे त्वचेपेक्षा जास्त गरम असते. अशा वेळी गरम वारा उलट अंग तापवतो. म्हणूनच दुचाकीवर निघताना आपण डोक्याला उपरणे किंवा पंचा गुंडाळतो, महिला सनकोट आणि स्कार्फ घालतात. ते योग्यच आहे. बँकॉकमध्ये बहुतेक वेळा हवा त्वचेच्या तापमानाच्या आसपास किंवा किंचित कमी असते. तिथे वारा मित्र आहे. तो कपड्याच्या आत खेळला पाहिजे.

थोडक्यात सूत्र असे : नाशिकला कपडा गरम वारा अडवतो, बँकॉकला कपड्याने वाऱ्याला वाट द्यायची असते. ऊन मात्र दोन्हीकडे अडवायचे.

इतके मनावर घेण्यासारखे आहे का?

आहे. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. नाशिककराला हा आकडा फार वाटणार नाही. पण किनारपट्टीवरचे, बाष्पाने भरलेल्या हवेतले ३८ अंश आणि त्यात उघड्यावर काही तास बसणे, हे वेगळेच प्रकरण असते.

भारतीय हवामान विभागाचे निकषही हेच सांगतात. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश लागते, किनारपट्टीवर ३७ अंश पुरेसे मानले जातात. बँकॉक आखाताजवळ आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम उंच आहे आणि साधारण चेन्नईच्या अक्षांशावर आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. नाशिकला मे महिन्यातही रात्री थोडा गारवा येतो. बँकॉकमध्ये एप्रिलच्या रात्री पारा २६-२७ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही सुटका नाही.

सहलीत भर पडते ती धावपळीची. रात्रीचे विमान, अपुरी झोप, सकाळी लगेच मंदिरदर्शन, दुपारी बाजार. घरी कोणी दुपारी बारा ते तीन उन्हात चालत नाही. सहलीत चालतात, कारण पैसे भरलेले असतात.

कापड कोणते घ्यावे?

‘सुती घाला’ हा सल्ला चांगला आहे, पण अपुरा. सुती कापड घाम शोषते आणि धरूनही ठेवते. पातळ मलमल किंवा वायल असेल तर ते लवकर सुकते. जाड होजिअरीचा टी-शर्ट एकदा भिजला की दुपारभर ओलाच राहतो, अंगाला चिकटतो आणि वाऱ्याची वाट बंद करतो.

टी-शर्ट घेताना लेबलवर जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन, दिलेले असेल तर पाहा. नेहमीचा जाड टी-शर्ट १८० किंवा त्याहून अधिक जीएसएमचा असतो. दमट शहरासाठी १२० ते १५० बरा. जीन्सचे कापड बरेचदा ४०० च्या आसपास असते. एवढे जाड कापड भिजल्यावर हॉटेलच्या खोलीत रात्रभरात सुकत नाही.

लिनन हा उत्तम पर्याय आहे. तंतू थोडा ताठ असल्याने तो अंगाला चिकटत नाही. चुरगळतो, पण सहलीत ते कोण पाहतो? रेयॉनचे सैल कुर्ते, पलाझो मऊ आणि हलके असतात, फक्त ओले झाल्यावर जड होतात.

पॉलिस्टरला सरसकट नावे ठेवू नयेत. घट्ट विणीचा, चकचकीत पॉलिस्टरचा शर्ट दमट हवेत अंगाभोवती प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा वाटतो. पण जाळीदार विणीचा ‘ड्राय-फिट’ टी-शर्ट पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे लवकर सुकतो. रात्री धुऊन टाकला तर सकाळी घालता येतो. त्याला वास लवकर येतो, हा त्याचा दोष.

कंपनीच्या सहलीत सगळ्यांना लोगोचा एकसारखा कॉलर टी-शर्ट मिळतो. ऑर्डर देणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात : रंग फिका, वीण जाळीदार आणि माप नेहमीपेक्षा एक नंबर मोठे.

पांढरे की काळे?

फिका रंग ऊन परतवतो, हे खरे. पण सैलपणाचे महत्त्व त्याहून कमी नाही. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काळा झगा जास्त तापतो, पण तो सैल असल्याने आत हवा खेळते आणि ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते, असे त्यात आढळले. बँकॉक वाळवंट नाही, तरी धडा लागू आहे. घट्ट पांढऱ्या टी-शर्टपेक्षा सैल निळा कुर्ता परवडतो.

फिक्या राखाडी रंगावर घामाचे डाग सर्वांत जास्त उठून दिसतात. फोटोची काळजी असेल तर पांढरा, गडद निळा किंवा छापील कपडा घ्या.

पुरुषांनी काय बदलावे?

पहिला बदल बनियनचा. आपल्याकडे शर्टाखाली बनियन घातल्याशिवाय बाहेर पडणे अनेकांना चुकल्यासारखे वाटते. कोरड्या हवेत ते घाम टिपते आणि सुकते. दमट हवेत तो अंगावरचा दुसरा ओला थर होतो. पातळ सुती शर्ट किंवा लिननचा कुर्ता थेट अंगावर घातला तर जास्त बरे वाटते.

दुसरा बदल जीन्सचा. बँकॉकला पातळ सुती किंवा लिननची पूर्ण पँट न्यावी. दिवसभर चालल्यावर ओल्या जीन्सने मांड्या सोलवटतात, जांघेत गजकर्ण होण्याचा धोका वाढतो. तंग अंतर्वस्त्रांऐवजी मांडीपर्यंत येणारी, घाम लवकर सोडणारी अंतर्वस्त्रे घ्या आणि रोज दोन जोड लागतील असे धरून चला.

हाफ पँट किंवा थ्री-फोर्थ पटायाच्या किनाऱ्यावर ठीक. मंदिराच्या दिवशी ती हॉटेलवरच राहू द्या.

महिलांनी काय घ्यावे?

सैल सुती कुर्ता आणि सलवार किंवा पलाझो हा या हवेसाठी जवळजवळ परिपूर्ण वेश आहे. ऊन अडते, वारा खेळतो, मंदिरातही चालतो. अडचण लेगिंगची आहे. ती पायाला घट्ट चिकटते, घाम सुकू देत नाही आणि राजवाड्याच्या नियमांत तंग कपडे बसत नाहीत.

साडी नेसणाऱ्यांनी प्रवासात चुरगळत नाही म्हणून सिंथेटिक साडी घेण्याचा मोह टाळावा. पातळ सुती साडी आणि मुख्य म्हणजे सुती परकर घ्यावा. कमरेला नाडी घट्ट बसते तिथेच घामोळ्या उठतात. ब्लाउज बाह्यांचे असावे. बोटीत चढउतार असेल त्या दिवशी पंजाबी ड्रेस सोयीचा.

मंदिरात प्रवेशाचे नियम काय आहेत?

बँकॉकचा ग्रँड पॅलेस आणि त्याच आवारातील पाचूच्या बुद्धाचे मंदिर, वाट फ्रा केओ, हे जवळजवळ प्रत्येक सहलीत असते. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन प्रवेश मिळतो आणि परदेशी पर्यटकांना तिकीट ५०० बाथ आहे. एका बाथला अडीच-तीन रुपये धरा. इथे वेशाचा नियम कडक आहे. पुढील कपड्यांत आत सोडत नाहीत :

– बिनबाह्यांचे किंवा पोट उघडे राहणारे कपडे
– हाफ पँट, आखूड स्कर्ट
– फाटक्या फॅशनची जीन्स
– अंगाला चिकटणाऱ्या तंग पँट
– पारदर्शक कपडे

दारात अडवले की बाहेरच्या दुकानातून हत्तीच्या छापाची सैल पँट विकत घेणे हा उपाय असतो. पण वीस जणांचा गट एकासाठी उन्हात खोळंबतो आणि तोच वेळ सर्वांत महागात पडतो. वाट फो आणि वाट अरुण या मंदिरांतही खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

आपल्याला यात परके वाटावे असे काही नाही. सातपूर ज्या त्र्यंबक रोडवर आहे, त्याच रस्त्याच्या टोकाला त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात जायचे तर पुरुषांना सोवळे नेसावे लागते. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासानेही जानेवारी २०२५ मध्ये भाविकांसाठी वेशाचे नियम जाहीर केले.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर पांढऱ्या वस्त्रांत वंदनेला जाणाऱ्या बौद्ध उपासकांसाठी तर उत्तर घरातच आहे. थायलंडमध्येही शील पाळणारे उपासक पांढरी वस्त्रे नेसतात. पातळ सुती पांढरा शर्ट-पँट किंवा पांढरी साडी हा वेश तिथे श्रद्धेलाही शोभतो आणि हवेलाही. मात्र एक काळजी घ्या. बुद्धमूर्तीचे चित्र टी-शर्टवर, पिशवीवर किंवा अंगावर गोंदवून मिरवणे तिथे अवमानकारक मानले जाते. आपल्याकडे प्रेमाने घातलेला असा टी-शर्ट तिकडे गैरसमजाला कारण होऊ शकतो.

मुख्य मंदिरात जाताना चपला-बूट काढावे लागतात. त्यामुळे लेसचे नवे कोरे बूट नकोत. मागे पट्टा असलेली, पायात रुळलेली सँडल उत्तम. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायचे असते, म्हणून बॅगेत पातळ मोज्यांचा जोड ठेवा.

स्थानिक लोक काय घालतात?

हे पाहिले तर अर्धे उत्तर मिळते. बँकॉकमध्ये हाफ पँट आणि बनियनवर फिरणारे बहुतेक पर्यटक असतात. नारिंगी जाकीट घातलेले मोटरसायकल-टॅक्सीवाले आत लांब बाह्यांचा पातळ शर्ट घालतात. ऑफिसला जाणारे पूर्ण पँटमध्ये असतात. फळे विकणाऱ्या बायका रुंद काठाची टोपी घालतात. ग्रामीण थायलंडमध्ये ‘पाखाओमा’ नावाचे चौकड्यांचे सुती वस्त्र पुरुष वापरतात. कमरेला गुंडाळायचे, डोक्याला बांधायचे, घाम पुसायचा. आपला पंचाच म्हणा ना. नाशिकहून एक पातळ पंचा बॅगेत टाकलात तर तो तिथेही तितकाच कामाला येईल.

मॉलमधल्या थंडीचे काय?

बाहेर ३५ अंश आणि स्कायट्रेन किंवा मॉलमध्ये कडक एसी. घामाने भिजलेल्या कपड्यांत आत शिरलात की हुडहुडी भरते. जाड जॅकेट नको. लांब बाह्यांचा पातळ शर्ट किंवा ओढणी पुरेशी आहे. तीच वस्तू मंदिरात, विमानात आणि उन्हातही उपयोगी पडते.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकहून निघताना हा प्रश्न उलटा होतो. इथे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, तिकडे दुपारी ३१-३२. स्वेटर घाटातल्या प्रवासापुरता आणि विमानापुरता हातातल्या बॅगेत ठेवा. उतरल्यावर तो परतीपर्यंत लागणार नाही. हाच काळ त्यातल्या त्यात सुसह्य असतो. मार्च ते मे सर्वांत कडक. मे ते ऑक्टोबर पावसाळा, सप्टेंबर सर्वांत ओला. या दिवसांत दुपारी अचानक सर येते, म्हणून घडीची छत्री हवीच. ती उन्हातही चालते.

पाच दिवसांच्या सहलीसाठी बॅगेत किती कपडे?

– सैल, पातळ शर्ट, कुर्ते किंवा टी-शर्ट : ६ ते ७ (दिवसाला एकाने भागत नाही)
– पातळ पूर्ण पँट, सलवार किंवा पलाझो : ३
– किनाऱ्यासाठी हाफ पँट किंवा पोहण्याचे कपडे : १ जोड
– लांब बाह्यांचा पातळ शर्ट किंवा ओढणी : १
– अंतर्वस्त्रे : ८ ते १० जोड
– रुंद काठाची टोपी, घडीची छत्री, पातळ पंचा
– मागे पट्ट्याची सँडल आणि मोज्यांचे २ जोड
– भिजलेल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी

लहान मुलांसाठी कपड्यांची संख्या दीडपट धरा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे, विशेषतः लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे, उकाडा कमी सोसतो. घरातील ज्येष्ठांना नेत असाल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या.

कपडे योग्य असूनही त्रास झाला तर?

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, चक्कर ही पहिली सूचना. लगेच सावलीत किंवा एसीत जा, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला, ओआरएसचे घोट घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली किंवा अंग चटका बसावा इतके तापले तर तो उष्माघात असू शकतो. अंग घामाने ओले असले तरी ही शक्यता असते. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका. अंगावर पाणी ओतत राहा आणि थायलंडच्या वैद्यकीय आणीबाणी सेवेच्या १६६९ या क्रमांकावर फोन करा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

सिंगापूर, मलेशिया, बालीलाही हेच लागू का?

हवेपुरते हो. विषुववृत्ताजवळची ही ठिकाणे जवळजवळ वर्षभर अशीच दमट असतात. वेशाचे नियम थोडे बदलतात. क्वालालंपूरजवळच्या बटू केव्हजमधील मुरुगन मंदिरात महिलांचे गुडघे झाकलेले हवेत. बालीच्या मंदिरांत कमरेला सारोंग गुंडाळावा लागतो. सैल, पातळ, खांदे आणि गुडघे झाकणारा एक पोशाख रोज बॅगेत असेल तर यातले कुठलेही दार अडणार नाही.

आणि निघण्याच्या आठवड्यात तिकडचे हवामान मोबाइलवर पाहाल तेव्हा फक्त तापमानाचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. त्याखाली आर्द्रतेचा आकडा असतो. बॅग भरायची ती त्या आकड्याकडे पाहून.